आधी जवळचा दवाखाना, मग नाशिक: या चुका टाळा

“इथं काय होणार? गाडी थेट सिव्हिलला, म्हणजे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात घ्या.” नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर दर पावसाळ्यात हे ऐकू येतं. वाचू शकणारी माणसं या घाईपायी जातात, म्हणून याबद्दल आधी आणि सविस्तर.

भातलावणीचे दिवस. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. खूण धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, तेव्हा घर जागं होतं. पायाला सुतळी आवळली जाते, भगताकडे तास जातो, आणि मग जीप पेठच्या ग्रामीण रुग्णालयासमोरून न थांबता पुढे निघते. नाशिक अजून ५० किलोमीटरहून लांब, मध्ये सावळघाट. घाटात श्वास अडखळला तर जीपमध्ये ना ऑक्सिजन, ना श्वास देणारं कोणी.

व्हेंटिलेटर मोठ्या दवाखान्यात असतो, हे खरं. पण पहिली गरज सापाच्या विषावरच्या लसीची असते, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ठेवतात. लक्षणं दिसली की पहिला डोस साधारण ८ ते १० वायल (लसीच्या छोट्या बाटल्या). लहान मुलालाही तेवढाच, कारण साप विष सोडताना वय बघत नाही. घोणस किंवा फुरसं असेल तर डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय. हे सगळं तालुक्यालाच होतं. डोस सुरू करून मग १०८ च्या रुग्णवाहिकेतून वर, म्हणजे मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

दोरी बांधूच नका. कोणी आवळलीच असेल तर वाटेत सोडू नका. ती डॉक्टरांसमोरच सुटली पाहिजे, नाहीतर अडलेलं विष एकदम अंगभर पसरतं. पेशंटला चालवू नका, पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. आशाताईचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर पावसाळ्याआधीच भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे निघतानाच लस आहे का ते विचारता येतं.

दुसरी चूक नेहमीच्या औषधांची. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी त्र्यंबक रोडला सिव्हिलच्या रांगेत अर्धा दिवस घालवायचा. तपासणी आणि गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळतात, शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात. शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हृदय, किडनी, कॅन्सर अशा आजारांसाठी आहे. नावातच ‘संदर्भ’ आहे, तेव्हा खालच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा.

त्या चिठ्ठीवर तीन गोष्टी वाचल्याशिवाय गाडी हलवू नका: कोणतं औषध दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलंय हे वर कळलं नाही, तर तोच डोस पुन्हा पडू शकतो. कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२, अपघात आणि जिवावरचं काही असेल तर १०८. दोन्ही मोफत.

कुत्रं चावलं तर हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी पहिली लस घ्या. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस ० (पहिल्या सुईचा दिवस), ३, ७ आणि २८; जखम भरली म्हणून शेवटची सुई सोडणारे फार आहेत, सोडू नका. रक्त निघालं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही लागतं. ते प्रत्येक केंद्रात नसतं, म्हणून लस घेतानाच कुठे मिळेल ते विचारून घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण यादीतल्याच दवाखान्यात आणि भरती झाल्यावर. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) भेटा. बिल भरून झाल्यावर गेलात तर पैसे परत मिळत नाहीत.