उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि त्यावरचे मतभेद: अभ्यास कसा घ्यावा

बायबल अभ्यासात उत्पत्तीचं पुस्तक उघडलं, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली हे वाचलं, की पहिला प्रश्न ठरलेला: 'सहा दिवस म्हणजे खरोखरचे सहा दिवस का?' उत्तर यायच्या आतच वर्गात दोन तट पडलेले असतात. मी असे वर्ग घेते, म्हणून सांगते, सुरुवात या प्रश्नाने करू नका. कोणाची मतं नकोत, व्हिडिओ तर नकोच. आधी हातात पेन्सिल घेऊन शास्त्रभाग वाचा.

उत्पत्ती १:१ ते २:३ एका बैठकीत, मोठ्याने. मग कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पहिले तीन दिवस लिहा: प्रकाश आणि अंधार वेगळे झाले, अंतराळाने वरचं आणि खालचं पाणी वेगळं केलं, समुद्र, कोरडी जमीन आणि वनस्पती. उजवीकडे पुढचे तीन: सूर्य, चंद्र, तारे, जलचर आणि पक्षी, जनावरं आणि माणूस. आता आडवं वाचा. पहिल्याशी चौथा, दुसऱ्याशी पाचवा, तिसऱ्याशी सहावा जुळतो. आधी जागा, मग तिथले रहिवासी. सातवा दिवस खाली एकटा लिहा आणि त्यापुढे खूण करा, कारण 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' हे सहाही दिवसांना आहे, सातव्याला नाही.

दुसऱ्या कागदावर २:४ पासूनचा क्रम उतरवा. शेतातलं झुडूप अजून नाही, पाऊस नाही. मातीचा माणूस घडतो. मग बाग, मग पशुपक्षी, शेवटी स्त्री. दोन्ही कागद शेजारी ठेवले की क्रम जुळत नाही हे शाळकरी पोरालाही दिसतं. इथे कोणीतरी हमखास अस्वस्थ होतं. होऊ द्या. लगेच समजूत घालायला धावू नका.

आता मतं घ्या, आणि प्रत्येक मताला दोनच प्रश्न विचारा. तुमचा भार कोणत्या वचनावर आहे? आणि कोणतं वचन तुम्हाला जड जातं? दुसऱ्याचं उत्तर ते मत धरणाऱ्याकडूनच काढून घ्या. विरोधक काय, विचारल्याशिवायही सांगेल.

चोवीस तासांचे दिवस मानणाऱ्यांचा भार निर्गम २०:११ वर: सहा दिवसांत परमेश्वराने सगळं केलं, म्हणून तुम्हीही शब्बाथ, म्हणजे सातवा, विसाव्याचा दिवस पाळा. हा आधार भक्कम आहे, उगाच हसू नका. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळींवरून हिशोब करून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ ला ठरवला. हे मत मांडणाऱ्या आजच्या चळवळीला खरी गती मिळाली ती १९६१ मध्ये, व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या जलप्रलयावरच्या पुस्तकामुळे. यांना जड जातो चौथा दिवस. सूर्य नसताना तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी कशा झाल्या? देवाने प्रकाश दुसऱ्या मार्गाने दिला, हे त्यांचं उत्तर. ते त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घ्या.

दिवस म्हणजे प्रदीर्घ काळ, असं म्हणणारे स्तोत्र ९०:४ आणि २ पेत्र ३:८ पुढे करतात: देवापुढे हजार वर्षं एका दिवसासारखी. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी हे मत जोमाने मांडलं. अडचण अशी की पेत्राचं वचन प्रभूच्या येण्याच्या विलंबाबद्दल आहे, सृष्टीबद्दल नाही. शिवाय काळ कितीही ताणला तरी क्रम तोच राहतो: पक्षी पाचव्या दिवशी, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. जीवाश्म उलटं सांगतात.

उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये अगणित काळ गेला, हे मत थॉमस चामर्स यांनी १८१४ मध्ये मांडलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमुळे (टिपांसह छापलेलं बायबल) घरोघरी गेलं. त्यावर फार वेळ घालवू नका. त्या फटीत काय घडलं याचा या अध्यायात एक शब्दही नाही.

चौथं मत म्हणजे तुम्ही काढलेला पहिला कागद. आठवडा हा साहित्यिक आराखडा आहे, दिनदर्शिका नव्हे. नेदरलंड्सचे आरी नोर्डझाय यांनी १९२४ मध्ये आणि नंतर अमेरिकेत मेरेडिथ क्लाइन यांनी हे मांडलं. माझा कल इकडे आहे. वर्गात मी ते आधीच सांगून टाकते, म्हणजे लोक माझं बोलणं तेवढं वजा करून ऐकतात. आम्हालाही निर्गम २०:११ जड जातंच, आणि 'पहिला, दुसरा, तिसरा' अशी मोजणी लेखकाने का केली याचंही उत्तर द्यावं लागतं.

मध्येच कोणीतरी म्हणेल, 'पूर्वी सगळे अक्षरशः वाचायचे, डार्विन आला आणि लोक डळमळले.' यासाठी तयारी ठेवा. सूर्याविना दिवस कसा, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलेला आहे. जुन्या मंडळीचा मोठा शिक्षक ऑगस्टिन याला वाटे की देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं; त्याला सहा दिवस जास्त वाटत होते! उलट चौथ्या शतकातला बिशप बासिल साधा, सरळ अर्थ घेतो. आणि १९१० ते १९१५ दरम्यान निघालेल्या 'द फंडामेंटल्स' या कट्टर पुस्तिकांमध्येही जेम्स ऑर यांच्यासारखे लेखक पृथ्वी फार जुनी मानत होते.

उत्क्रांती आणि आदाम हा विषय त्याच बैठकीत उघडू नका. तिथे वाद दिवसांचा राहत नाही. रोमकरांस ५:१२ प्रमाणे एका माणसामुळे पाप आणि मरण आलं, तर तो माणूस कोण, हा होतो. रोमन कॅथोलिक मंडळीत पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उगमावर संशोधनाला वाव दिला, पण सर्व माणसं एकाच आदामापासून आली यावर ते ठाम राहिले. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकाहून अधिक असल्याचं म्हटलं. पुढच्या बैठकीला रोमकरांस ५:१२–२१ आणि १ करिंथकरांस १५ घरून वाचून यायला सांगा, आणि तिथेही तेच दोन प्रश्न विचारा.