ब्रेकचा आवाज शोधताय? चाक खोलण्याआधी आणि खोलल्यावर

पाना हातात घेण्याआधी आवाज नीट ऐका आणि लिहून ठेवा. ‘ब्रेक मारला की आवाज येतो’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. पेडल दाबतानाच येतो की पाय काढल्यावरही चालू राहतो, गाडी थंड असताना येतो की बराच वेळ चालवून सगळं तापल्यावर, रिव्हर्समध्ये येतो का, वळणावर कमीजास्त होतो का, वेग वाढला की त्याची लय वाढते का, हे सगळं कागदावर हवं. शेजारी कुणाला तरी बसवून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही. काचा उतरवून एखाद्या भिंतीच्या कडेने सावकाश गेलात तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि बाजू ओळखता येते.

पण पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येत असेल, तर ही फेरी मारूच नका. गाडी आहे तिथेच उभी राहू द्या, गॅरेजला न्यायची तर टो करून न्या.

दोन आवाज आधी बाजूला काढा, नाहीतर चांगलं चाक उगाच खोलाल. पावसात किंवा धुतल्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर) गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो घासून जातो आणि आवाजही जातो. आणि निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली जी थरथर आणि घर्रर्र लागते ती एबीएसची (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची), त्यात बिघाड काही नाही.

आता सामान. जॅक, चाकाचा पाना, टॉर्च, हातमोजे ही नावं घेण्याचीही गरज नाही. चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना लावायला उटी (ठोकळे) किंवा मोठे दगड, आणि उचललेली गाडी पेलून धरणारे जॅक स्टँड. स्टँडशिवाय चाक काढू नका, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जॅक सरकतो, आणि सरकताना आधी सांगत नाही. यांच्या जोडीला एक छोटा आरसा ठेवा. हा आरसा कशाला, तर आतला पॅड, म्हणजे डिस्कला आतल्या बाजूने घासणारा ब्रेकचा तुकडा, बघायला. आरसा आणि आतला पॅड विसरायचा नाही.

सपाट, कडक जमीन, हँडब्रेक ओढलेला, न उचलणाऱ्या चाकांना उटी. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मागचं चाक फिरवून बघायचं असेल तर पुढच्या चाकांना उटी लावून, गाडी गियरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा लागतो. नुकती चालवून आणलेली गाडी असेल तर थांबा, डिस्क हात भाजण्याइतकी तापलेली असते. मात्र एकाच चाकाच्या रिमजवळ जास्त धग किंवा जळका वास येत असेल तर तेही लिहून ठेवा, तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) अडकलेला असण्याची शक्यता आहे.

चाक निघालं की समोर बाहेरचा पॅड दिसतो. तो जाड दिसला म्हणून चाक परत बसवू नका! मागच्या वेळी मी नेमकं तेच केलं, आणि आतल्या पॅडचा पत्रा डिस्क खात राहिला. बहुतेक साध्या गाड्यांत कॅलिपरचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आतल्या बाजूला असतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा राहतो. म्हणून बाहेरून, रिमच्या फटीतून बघून दिलेला निर्वाळा धरू नका, मग तो कुणीही दिलेला असो. स्टिअरिंग वळवून मागून वाट मोकळी करा, आरसा घाला, टॉर्च मारा, आतला पॅड बघा. मोबाईलचा कॅमेरा आत घालून फोटो काढला तरी चालतं. दोन्ही बाजूंचा बघा. डावीकडचा ठीक आहे म्हणजे उजवीकडचाही ठीक, असं नसतं.

जाडी मोजताना पाठीचा लोखंडी पत्रा धरायचा नाही, फक्त घासला जाणारा थर. नव्या पॅडवर तो साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदला. पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चिरका आवाज काढते. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी आतल्याच पॅडला असते. परत सांगतो, आतला पॅड.

पॅड दोन्हीकडे सारखे आणि जाड असतील तर पुढे जा. डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला की ब्रेक न दाबताही किरकिर येते. खडा काढा, पत्रा डिस्कला टेकत असेल तर हाताने सरळ करा. ब्रेक दाबल्यावर एकदाच ‘खट’ आणि रिव्हर्समध्ये पुन्हा ‘खट’ आला तर पॅडच्या क्लिपा, कॅलिपरचे बोल्ट आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश तपासा. पेडल धडधडत असेल तर बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही. मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर आत साचलेली धूळ आणि शूचे लायनर (ड्रमला आतून घासणारे थर) बघा. धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

पिनांना फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅड किंवा डिस्कवर ग्रीसचा थेंबही नको. कॅलिपर काढलात तर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पॅड बदलायचे तर एका ॲक्सलचे (पुढच्या किंवा मागच्या जोडीचे) दोन्ही बाजूंचे एकदम.

नट समोरासमोरचे, आळीपाळीने, शेवटची आवळणी चाक जमिनीवर आल्यावर. पिस्टन मागे ढकलला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग ब्रेक ऑइलची पातळी बघा. पहिले ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. थोडं अंतर चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासा.