जुने ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताना या चुका टाळा

२०१६ साली आलेले जीटीएक्स १०६० किंवा त्याच्या पुढच्या वर्षीचे आरएक्स ५८० अजूनही कित्येकांच्या संगणकात इमानेइतबारे काम करत आहे. अशा कार्डाकडून ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे त्याचा क्लॉक (कामाचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) मूळ आकड्यापेक्षा वाढवून, सेकंदाला साधारण पाच ते दहा टक्के जास्त फ्रेम (चित्रे) मिळतात, म्हणजे ज्या गेममध्ये ४५ फ्रेम मिळतात तेथे ४८-४९ मिळतील, ६० मिळणार नाहीत. हा हिशेब आधीच मनाशी पक्का केला नाही, तर माणूस हवा तो आकडा दिसेपर्यंत सॉफ्टवेअरमधला स्लायडर ओढत राहतो आणि पुढच्या बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे साफसफाई न करता थेट सॉफ्टवेअर उघडणे. जीटीएक्स १०६० चा क्लॉक तापमान वाढेल तसा साधारण १३ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी आपोआप उतरत जातो, त्यामुळे हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) धूळ दाटलेली आणि चिप व हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असताना तुम्ही वर चढवलेले मेगाहर्ट्झ कार्ड स्वतःच खाली उतरवते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याच्या झोताने ते भन्नाट फिरले तर बेअरिंग खराब होऊ शकते. थर्मल पॅड (मेमरी वगैरे भागांची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलायचे असल्यास जुन्या पॅडची जाडी मोजूनच नवे आणावेत, कारण पॅड जाड निघाला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि खटाटोप करूनही तापमान पूर्वीपेक्षा वाढलेले दिसते.

दुसरी चूक सर्व स्लायडर एकदम हलवण्याची. एमएसआय आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फक्त पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) वाढवावी, फॅन कर्व्ह (तापमानानुसार पंख्याचा वेग) थोडा चढा ठेवावा आणि मग कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) एका वेळी २५ मेगाहर्ट्झने वाढवून प्रत्येक टप्प्यावर निदान वीस मिनिटे चाचणी घ्यावी. व्होल्टेजला या वयाच्या कार्डात हात न लावलेलाच बरा. फरमार्कसारख्या चाचणीत कार्ड तापते खरे, पण पॉवर लिमिटमुळे क्लॉक इतका खाली येतो की वाढवलेल्या क्लॉकची परीक्षा होतच नाही. त्यापेक्षा हेवन बेंचमार्क (कार्डाचा वेग मोजून गुण देणारा प्रोग्रॅम) आणि तुम्ही रोज खेळता तो गेम चालवावा.

सर्वांत फसवी चूक मेमरीची आहे. या कार्डांवरची जीडीडीआर५ मेमरी माहिती पाठवताना झालेली चूक ओळखते आणि ती माहिती पुन्हा पाठवते. त्यामुळे मेमरीचा क्लॉक थोडा जास्त झाला तरी पडद्यावर बहुधा काहीच बिघडलेले दिसत नाही, फक्त पुनःपाठवणीत वेळ जाऊन वेग घटतो. माझ्या १०६० वर मी मेमरी ६०० मेगाहर्ट्झने वाढवून, पडद्यावर एकही चुकीचा ठिपका दिसला नाही म्हणून खुशीत होतो. आठवडाभराने सहज हेवन चालवले तेव्हा गुण ४०० च्या सेटिंगपेक्षाही कमी निघाले. म्हणून मेमरीच्या प्रत्येक टप्प्यावर गुण लिहून ठेवावेत आणि ते वाढायचे थांबले की एक-दोन पायऱ्या खाली यावे, मग गेम कितीही सुरळीत चालत असो.

ऋतूचाही विचार हवा. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की कार्डाचे तापमानही जवळपास तेवढेच वाढते. जानेवारीच्या गारठ्यात नागपूरला बसवलेले सेटिंग मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेल्यावर कोलमडले, तर त्यात कार्डाचा दोष नाही. मर्यादा ठरवायची ती उन्हाळ्यातल्या दुपारी, कॅबिनेटचे झाकण लावून.

वापरलेले आरएक्स ५८० घेतले असेल तर ते मायनिंगमधून (क्रिप्टोकरन्सी मिळवण्याच्या कामातून) आलेले असू शकते, तेव्हा त्याचे बायोस (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्रॅम) बदललेले नाही ना हे आधी तपासावे. विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करण्याच्या पर्यायावर घाईने खूण करू नये. कार्ड अस्थिर निघाले तर प्रत्येक वेळी संगणक सुरू होताच पडदा गोठेल आणि सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरते सुरू करून) जाऊन ते सेटिंग काढावे लागेल.

बिघाड झालाच तर लक्षण नीट पाहावे. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला आहे. अशा वेळी प्रथम कोअर क्लॉक कमी करून पाहावा. रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्यास संशय मेमरीवर घ्यावा. संगणकच खटकन बंद पडत असेल तर पॉवर सप्लाय तपासावा, विशेषतः कार्डाला वीज मोलेक्सच्या (जुन्या चार पिनांच्या) जोडणीतून दिलेली असेल तर. मात्र मूळ सेटिंगवरही ठिपके दिसत असतील, तर ते कार्ड ओव्हरक्लॉकिंगच्या लायकीचे राहिलेले नाही. मेमरी क्लॉक मूळ आकड्याच्याही खाली आणून ते आणखी काही महिने चालते का, एवढेच पाहावे.