स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला परदेशी निघताना: नवख्यासाठी तयारीची यादी

बॅग सगळ्यात शेवटी भरायची. आधी जिथे शिकवायला जाणार, तिथल्या माणसाला एक पत्र टाकायचं. विद्यार्थी किती वयाचे, वर्गात किती जण, आठवड्याला किती तास, पुस्तक ठरलेलं आहे का, आणि मुख्य म्हणजे स्वयंसेवक नसतो तेव्हा वर्ग कोण घेतं? कायमचे शिक्षक असतील आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली संभाषणाचा तास घेणार असाल तर उत्तम. 'तुम्हीच शिक्षक' असं उत्तर आलं, तर तुमच्या आधी कोण होतं आणि नंतर कोण येणार हेही विचारा. दर महिन्याला नवा पाहुणा आणि दर महिन्याला 'व्हॉट इज युअर नेम'पासून श्रीगणेशा, अशी गत झालेले वर्ग असतात. संस्था तुमच्याकडूनच पैसे घेणार असेल तर ते कशाकशावर खर्च होतात, हे विचारायला लाजू नका.

लहान मुलांना शिकवणार असाल, तर संस्थेने तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागायला हवा. मागितला नाही तर खूश होऊ नका, सावध व्हा. अनाथाश्रमातलं काम मी यादीतून सरळ काटते. तिथल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुण्यांचा ओघ चालू राहावा म्हणूनही मुलं तिथे ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१८मध्ये अशा स्वयंसेवेपासून लोकांना परावृत्त करायला मोहीमच काढली होती.

कागदपत्रांचं थोडक्यात. पगार नाही म्हणजे काम नाही, असं बरेच देश मानत नाहीत. त्यामुळे पर्यटक व्हिसावर शिकवता येतं का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी घ्या. 'सगळे असेच येतात' हे उत्तर नव्हे. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची सहा महिने मुदत उरलेली असावी. पदवीच्या प्रमाणपत्रावर १९६१च्या हेग करारातलं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) मागतात का ते पाहा, त्याला वेळ लागतो. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागत असेल तर तिचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता शिकवण्याचं. १२० तासांचा टेफल, म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स बहुतेक ठिकाणी पुरतो, पण तो नुसता ऑनलाइन केला तर एकाही जिवंत विद्यार्थ्यासमोर उभं न राहता प्रमाणपत्र हातात पडतं. केंब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये खऱ्या वर्गावर ६ तास शिकवावं लागतं आणि तुमचं शिकवणं मागे बसून कोणीतरी तपासतं. तो महाग आहे, सगळ्यांना झेपत नाही. मग निदान ओळखीतल्या, इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या माणसाला आठ-दहा तास शिकवून पाहा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना एकच मोजायचं: तुम्ही किती बोललात आणि तो किती. मला माझं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकवलं नाही.

माझा पहिला तास मी ६० मिनिटांचा बेतला होता, तो २० मिनिटांत संपला. दर दोन वाक्यांनी मी 'अंडरस्टँड?' विचारत होते आणि सगळे माना डोलवत होते. मग पुढच्या बाकावरच्या मुलाची वही पाहिली. फळ्यावरचं सगळं त्याने सुबक अक्षरात उतरवलं होतं, मी चुकून लिहून काट मारलेली ओळसुद्धा, काटेसकट.

म्हणून प्रत्येक पाठासाठी दोन-तीन असे प्रश्न लिहून न्या की ज्यांच्या उत्तरावरून कळलंय का ते दिसेल. 'आय लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' आणि 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' यांतला फरक समजावत बसू नका. विचारा, हा माणूस आज इथे राहतो का? ('हॅव' असेल तर हो.) मराठीत आपण सरळ 'पाच वर्षं राहतोय' म्हणतो, त्यामुळे हे 'हॅव' आपल्यालाही उशिराच पचलं होतं. ते कसं पचलं हे आठवत असेल तर तुमच्याकडे अशी शिदोरी आहे, जी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याकडे नसते. जपानी, कोरियन, तुर्की या भाषांतही क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. त्या मुलांच्या उलटसुलट वाक्यांचं मूळ तुम्हाला लगेच सापडेल.

उच्चारांची तयारी मात्र स्वतःपासून करा. कागदाचा पातळ कपटा ओठांसमोर धरून मराठी 'पेन' म्हणा: तो जेमतेम हलतो. इंग्रजी माणसाच्या 'पेन'ला तो फडफडतो, कारण त्या 'प'मागे हवेचा झोत असतो. आपला झोताविना 'प' त्यांच्या कानाला कधीकधी 'ब' वाटतो. अरबी बोलणाऱ्यांच्या भाषेत तर 'प' नाहीच, त्यामुळे हाच कपटा तुम्हाला वर्गातही उपयोगी पडेल. मग 'व्हेस्ट' (vest) आणि 'वेस्ट' (west) यांवर आठवडाभर घासा.

सामानात प्रोजेक्टरच्या भरवशावरचं काही नको. वीज आणि इंटरनेट नसतानाही पार पडतील असे पाच तास तयार ठेवा. कोरी कार्डं, जाड पेनं, एक मऊ चेंडू, तुमच्या घरच्यांचे दहा-बारा फोटो. फोटो दाखवले की प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच येतात, 'हू इज शी?' त्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, इंटरनेटवर टाकायचे तर नाहीतच. त्यांच्या भाषेतले वीसेक शब्द पाठ करा. तुमचे उच्चार ऐकून वर्ग हसेल आणि त्यानंतर चुकायला घाबरणार नाही.

शेवटची वस्तू एक जाड वही. रोज काय शिकवलं, कोण कुठे अडलं, कुठला खेळ फसला, हे त्यात लिहायचं. निघताना ती वही तिथल्या शिक्षकांच्या हातात द्यायची, म्हणून अक्षर वाचता येईल असं काढा.