मोजक्या मित्रांसाठी वेळ कसा राखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ओळखी मुद्दाम कराव्या लागत नाहीत. गल्लीतले गणेशोत्सव मंडळ, शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी, पतसंस्थेची वार्षिक सभा आणि लग्नसराईतल्या पंगती यांतून त्या आपोआप वाढत जातात. मात्र या सगळ्यांचे मन राखता राखता, ज्यांच्यापाशी मन मोकळे करावे अशा दोघा-चौघांसाठीच सवड उरत नाही.

म्हणून प्रथम ही नावे कागदावर लिहून काढावीत. आपण चुकत असताना जो तोंडावर सांगतो आणि ज्याचे सांगणे झोंबले तरी पटते, त्याचे नाव आधी लिहावे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांच्या मांडणीनुसार माणूस सुमारे १५० जणांशी संबंध राखू शकतो, पण अगदी आतल्या वर्तुळात पाचच्या आसपासच माणसे असतात. तेव्हा यादी तीन नावांवर थांबली तरी वाईट वाटून घेऊ नये. नाव मराठीभाषकाचेच असावे असेही नाही. आपल्याकडे मराठीत सुरू झालेल्या गप्पा कानडीत संपतात, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही.

खरे काम त्यानंतरचे. कॅन्सास विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासात, नुसत्या ओळखीची साधी मैत्री होण्यास सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्री होण्यास २०० हून अधिक तास लागतात असे दिसले. आठवड्याला दोन तास धरले तर हा जवळजवळ दोन वर्षांचा हिशेब होतो. एकत्र काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत, म्हणून मंडपात रात्रभर शेजारी राबलो एवढ्यावर समाधान मानू नये. रविवारी सकाळी येळ्ळूरचा राजहंसगड किंवा टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेरी, असे काही ठरवून घ्यावे आणि सोबत तिसऱ्याला बोलावू नये. पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीस असलेला मित्र चतुर्थीला गावी येणार असेल, तर मंडळाची कामे अंगावर घेण्याआधीच त्याच्यासाठी एक दुपार राखून ठेवावी.

बाकीच्या ओळखी तोडण्याचे कारण नाही. नोकरीची बातमी बहुधा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडूनच कळते, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले आहे. अशा ओळखीच्या माणसांसाठी रामराम, एखादा चहा आणि लग्नात अक्षता टाकून परतणे पुरेसे आहे.

अवघड प्रसंग येतो तो पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याचा. कायद्याने जामीनदार सर्वसाधारणपणे कर्जदाराइतकाच बांधील असतो, म्हणून नुसत्या ओळखीच्या माणसाला पहिल्याच भेटीत स्पष्ट नकार द्यावा. ‘बघतो, कळवतो’ म्हटले की तो होकारच समजून बसतो. जिवलगासाठी सही करायची झाल्यास घरी आधी बोलावे, नेमकी रक्कम विचारावी आणि वेळ आली तर ती आपल्या कमाईतून फेडता येईल इतकीच असेल तरच पुढे जावे.