अंगणवाडीतून पहिलीत जाताना: माझा अनुभव

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारी अवस्था) आहे. अंगणवाडी संपल्यावर मालवण तालुक्यातील आमच्या वाडीजवळच्या शाळेत "हिला विशेष शाळेतच घाला" असे ऐकावे लागले, तेव्हा मी खचून गेले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार लक्षणीय (म्हणजे किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला आपल्या पसंतीनुसार जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, म्हणजेच निवड आमची आहे, हे मी लेखी अर्जात मांडले आणि प्रवेश मिळाला.

खरी अडचण होती वर्गापुढच्या जांभ्याच्या तीन पायऱ्यांची, कारण पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि तिचा चालण्यासाठीचा वॉकर घसरतो. गटसाधन केंद्रातील (शाळांना मदत करणाऱ्या तालुका पातळीवरील शिक्षण केंद्रातील) विशेष शिक्षिकेच्या सल्ल्याने आम्ही मे महिन्यात, दीड फूट उंचीसाठी १८ फूट लांबीचा, खरखरीत सिमेंटचा उतार बांधून घेतला. शौचालयातही आधाराला धरण्यासाठी आडवा पाइप बसवला. प्रवेशाच्या वेळी याबद्दल कोणीच विचारत नाही, पण त्यावाचून शौचालयात जाणे टाळायला मूल दिवसभर पाणीच पीत नाही.

सुट्टीत रोज संध्याकाळी आम्ही रिकाम्या वर्गात जाऊन बसत असू. जूनमध्ये, भर पावसात, ती त्या उतारावरून स्वतः वर गेली आणि खिडकीजवळच्या आपल्या बाकाशी थांबली.