सोलरच्या सबस्टेशनला बॅटरी लावताय? आधी काम ठरवा, मग साईज

"बॅटरी बसवली की लाईट जाणार नाही" असं सगळे सरसकट बोलतात, पण भाऊ, बॅटरीला नेमकं काम दिलं नाही तर तो महागडा कंटेनर नुसता उन्हात उभा राहतो. म्हणून खरेदी नंतर, आधी फीडरचा (सबस्टेशनवरून गावाकडं जाणाऱ्या लाईनचा) वर्षभराचा डेटा काढा, 15-15 मिनिटांचा, आणि बघा अडतं कुठं. सूर्य मावळल्यावर 7 ते 10 लोड चढतो तिथं? ढग आला की सोलर धपकन पडतो तिथं? की फीडरच्या शेवटच्या डीपीवर व्होल्टेज पडून मोटारी तापतात? शेवटचंच दुखणं असेल तर आधी कपॅसिटर आणि तारा तपासा, स्वस्तात सुटेल.

आता साईज. लोक फक्त मेगावॅट विचारतात, अर्धाच प्रश्न आहे तो. मेगावॅट म्हणजे मोटार किती एचपीची, मेगावॅट-अवर म्हणजे हौद केवढा. समजा संध्याकाळी 2 मेगावॅट 4 तास द्यायचेत, म्हणजे 8 मेगावॅट-अवर, साध्या भाषेत 8 हजार युनिट. पण बॅटरी पूर्ण भरायची नाही नि पूर्ण रिकामीही करायची नाही, वर-खाली 10-10 टक्के सोडा, झाले 10 मेगावॅट-अवर. वर्षागणिक क्षमता घटते, म्हणून आणखी एका कंटेनरची जागा आणि फाउंडेशन आत्ताच करून ठेवा. आणि भरताना-काढताना साधारण 15 टक्के वाया जातं, म्हणजे 8 हजार युनिट हवे तर दिवसा साडेनऊ हजाराच्या आसपास शिल्लक पाहिजेत. दुपारी केळीच्या मोटारी सगळा सोलर ओढून घेत असतील तर भरणार कशानं? हा हिशोब बरेच जण करतच नाहीत.

पावसाळ्यासाठी बॅटरीत वीज साठवू असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. ती तासांची सोय आहे, महिन्यांची नाही. तसंही सोलर ढगात असतो त्या दिवसांत साक्रीकडं ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जोरात असतात, ती जोडी वापरा.

खरी गंमत फ्रिक्वेन्सीत आहे, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा मागं-पुढं होते त्यात. ग्रिड 50 हर्ट्झवर चालते, आपल्याकडचा पट्टा 49.90 ते 50.05. दीपनगरच्या थर्मलमधल्या (कोळशावरच्या वीज केंद्रातल्या) टर्बाईनसारखी जड चक्रं फिरत असली की अचानक लोड आला तरी त्यांच्या वेगातच थोडे सेकंद निघून जातात, सोलरमध्ये फिरणारं काही नाहीच, त्यामुळे दुपारी थर्मल कमी केलं की ग्रिड हलकी होते नि लवकर डगमगते. बॅटरीचा इन्व्हर्टर सेकंदाच्या आत सावरतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2016 ला वादळात टॉवर पडून अख्खं राज्य अंधारात गेलं, पुढच्याच वर्षी त्यांनी हॉर्न्सडेलला 100 मेगावॅट / 129 मेगावॅट-अवरची बॅटरी उभी केली आणि तिचं मोठं काम हेच, फ्रिक्वेन्सी धरून ठेवणं. हे काम घ्यायचं तर चार्ज मधोमध ठेवा, कारण भरलेली बॅटरी जादा वीज घेऊ शकत नाही नि रिकामी देऊ शकत नाही. संध्याकाळचं काम पण तिच्याचकडून हवं असेल तर काही हिस्सा राखीव लॉक करा, नाहीतर 9 वाजता दोन्हीकडं ठणठणाट.

टेंडरमध्ये एक ओळ विसरू नका: ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिड गेली तरी स्वतःच व्होल्टेज नि फ्रिक्वेन्सी धरून वीज देणारा. साधा इन्व्हर्टर ग्रिडच्या मागं चालतो, ग्रिड गेली की तोही बंद, मग बॅटरी भरलेली असून गाव अंधारात.

आणि आपलं ऊन! जळगाव-भुसावळला मे महिन्यात 45 च्या वर जातं, सेलला मात्र 25 च्या आसपास बरं वाटतं. लिक्विड कूलिंग घ्या, कूलिंगला लागणारी वीज वरच्या हिशोबातून वजा करा, सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे घ्या, आगीचा धोका कमी, शून्य नाही. दोन कंटेनरमध्ये अंतर सोडा, पाण्याची टाकी ठेवा (विझलेली बॅटरी परत पेटू शकते, तासन् तास थंड करावी लागते) आणि कंपाउंडला लागून पऱ्हाटीचे ढीग कुणाला रचू देऊ नका.

टेस्टिंग सप्लायर डिसेंबरात उरकायला बघेल, तसं करू देऊ नका. मे महिन्यात दुपारभर चार्ज, संध्याकाळी पूर्ण 4 तास डिस्चार्ज, मीटरवर युनिट मोजा, मगच शेवटचं बिल पास करा.